एकोणिसाव्या मजल्यावरची गोचीड

"प्रभामावशी, तुम्ही किड्यांवर काम करायचात ना?"

सोमवारी सकाळी सव्वासातला परीक्षितचा फोन आला, तेव्हा चहाचं आधणसुद्धा उकळलं नव्हतं. प्रभा देवस्थळी एकाहत्तर वर्षांच्या होत्या. त्यातली चौतीस वर्षं त्यांनी ओंटारियोच्या गुराढोरांवरच्या गोचिडी मोजण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिरण्यात घालवली होती. गोचिडीला कुणी किडा म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं.

"किडे नाही, गोचिडी. त्यांना आठ पाय असतात. काय झालं ते बोल."

"अनुया हॉस्पिटलमध्ये आहे. शनिवारी किचनमध्ये उभ्या उभ्या कोसळली. हार्ट ब्लॉक. गुरुवारी परमनंट पेसमेकर बसवणार म्हणतायत. मी नेटवर वाचलं, गोचीड चावून होणाऱ्या लाइम डिसीजमध्ये असं होतं आणि अँटिबायोटिकने बरंही होतं. पण डॉक्टर ऐकूनच घेत नाहीयेत."

प्रभाताईंनी गॅस बंद केला.

परीक्षितची बायको अनुया तेहतीस वर्षांची होती, वॉनमधल्या एका वेअरहाउस कंपनीत सॉफ्टवेअर बघायची. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात लेझीम खेळणारी ही मुलगी प्रभाताईंना आवडायची. आता ती मिसिसागाच्या एका हॉस्पिटलमध्ये पडून होती आणि तिच्या गळ्याच्या शिरेतून हृदयापर्यंत एक तात्पुरती तार सोडलेली होती. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्याला पोचेनासा झाला होता. मध्येच ठोका चुकायचा, तो सात-सात सेकंद यायचाच नाही.

डॉक्टर ओकॉनर हृदयरोगतज्ज्ञ होते. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता.

"मला पण लाइमचं नाव आठवलं होतं," ते म्हणाले. "सत्तावीस जूनला तिला ताप होता, तेव्हा वॉक-इन क्लिनिकने टेस्ट केली. निगेटिव्ह."

"लागण झाल्यावर पहिले काही आठवडे ती टेस्ट निगेटिव्हच येते. अँटिबॉडीज तयार व्हायला वेळ लागतो."

"माहीत आहे. पुन्हा रक्त पाठवलंय. रिपोर्टला दोन आठवडे लागतील. तोवर ही तार मी तिच्या गळ्यात ठेवू शकत नाही, त्यातूनच इन्फेक्शन व्हायचं. संसर्गतज्ज्ञही म्हणतात की आधार काय? ही मुलगी जंगलात गेली नाही, कॉटेजला गेली नाही, अंगावर चट्टा नव्हता. एकोणिसाव्या मजल्यावर राहते. तिथे गोचीड लिफ्टने आली का?"

"आली असेल."

"मग मला दाखवा कशी आली ते. बुधवार संध्याकाळपर्यंत. तुमच्या अंदाजावर मी शस्त्रक्रिया रद्द करणार नाही."

तेहतिसाव्या वर्षी छातीत यंत्र. दर दहाएक वर्षांनी बॅटरी बदलायला पुन्हा चिरफाड, तीही जन्मभर. आणि सगळं कदाचित विनाकारण. प्रभाताई संतापल्या होत्या, पण त्या डॉक्टरवर संतापूनही चालणार नव्हतं. त्यांच्या जागी असत्या तर त्यांनीही पुरावाच मागितला असता.

अनुया शुद्धीत होती. चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले.

"जूनपासून कुठे कुठे गेलीस? आठवून सांग."

"कुठेच नाही हो मावशी. अंडरग्राउंड पार्किंगमधून ऑफिसच्या पार्किंगमध्ये, तिथून परत. वीकेंडला ग्रोसरी. रिलीज होता आमचा, मला ऊनसुद्धा लागलं नाही."

"पार्क? बार्बेक्यू?"

"पार्किंग लॉटमध्ये एकदा हॉट डॉग खाल्ला, तोही उभ्याने."

"कुत्रा, मांजर?"

"शेजारणीचा हस्की आहे. लिफ्टमध्ये भेटतो. मी लाड करते त्याचे."

"अंगावर कुठे लाल चट्टा उठला होता?"

"जूनमध्ये कमरेला मागे काहीतरी झालं होतं. मला दिसत नव्हतं. आई म्हणाल्या उष्णतेचं आहे. गेलं ते."

इतकं बोलूनच तिला दम लागला. मॉनिटर किंचाळला आणि नर्सने प्रभाताईंना बाहेर काढलं.

अनुयाच्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या काँडोत अरुणाताई एकट्या होत्या. परीक्षितच्या आई, मार्चमध्ये नागपूरहून आलेल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. प्रभाताईंना पाहून त्यांनी आधी चहा ठेवला, मग पुन्हा रडायला सुरुवात केली.

"अरुणाताई, रडणं नंतर. मला घर बघू द्या."

घर बघायला फार नव्हतंच. दोन बेडरूम, एक बाल्कनी. बाल्कनीत निळ्या प्लास्टिकच्या कुंडीत तुळस. माती दुकानातली, पिशवी अजून कोपऱ्यात पडलेली. वॉशरूमच्या कट्ट्यावर स्टीलची एक वाटी होती, तळाशी लालसर काहीतरी वाळून चिकटलेलं.

"हे काय?"

"गेरू," अरुणाताई पटकन म्हणाल्या. "तुळशीच्या कुंडीला लावायला आणलेला."

प्रभाताईंनी वाटी परत कट्ट्यावर ठेवली. तेवढ्यात परीक्षित आला. दोन रात्रींचा जागलेला, दाढी वाढलेली, आणि एकदम उत्साहात.

"मावशी, मला क्लिक झालं! वटपौर्णिमा! आठ जूनला आईने फांदी पुजली होती. इथे वड कुठला, म्हणून मी पार्किंगच्या कडेच्या मेपलची फांदी तोडून आणली होती. त्यावर असणार गोचीड!"

"नाही."

"नाही काय? टाइमिंग बरोबर बसतं!"

"टाइमिंग बसेल, गोचीड बसणार नाही. ही जात झाडावर चढत नाही. पाचोळ्यात राहते आणि फार तर गुडघ्याएवढ्या गवताच्या टोकावर येऊन पुढचे पाय पसरून वाट बघते. अंगावर झाडावरून पडते ही सगळी लोकांची समजूत."

"मग शेजारचा हस्की?"

"कुत्र्याला डसलेली गोचीड रक्त पिऊन गळून पडते, लिफ्टमध्ये लाड करणाऱ्यावर उडी मारत नाही. आणि अशा एसी लावलेल्या कोरड्या घरात जमिनीवर पडलेली गोचीड दीड-दोन दिवसांत वाळून मरते. तिला ओल लागते."

परीक्षितने सोफ्यावर बुक्की मारली. "मग आली कुठून? शी इज डाइंग, मावशी! आणि आपण इथे बसून नाही, नाही करतोय!"

प्रभाताईंनाही तेच वाटत होतं. सकाळपासून हे तिसरं दार बंद झालं होतं. सार्वजनिक आरोग्य कार्यालयाला त्यांनी दोनदा फोन केला, पहिल्यांदा बावीस मिनिटं संगीत ऐकलं, दुसऱ्यांदा एका बाईने गोडपणे सांगितलं की गोचीड असेल तर बाटलीत घालून फॉर्मसकट आणून द्या. गोचीड असती तर फोन कशाला केला असता? त्या उठून पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिज उघडला.

भाज्यांच्या कप्प्यात एक गोल स्टीलचा डबा होता. आत ओल्या पंच्यात गुंडाळलेलं हिरवं काहीतरी.

"हे?"

"दूर्वा," अरुणाताई म्हणाल्या. "बुधवारी संकष्टी झाली ना, त्यातल्या उरल्या. ओल्या फडक्यात ठेवल्या की पंधरा दिवस टिकतात. धुवायच्या मात्र नाहीत, कुजतात. पूजेच्या वेळीच पाणी शिंपडायचं."

"कोण आणून देतं?"

"दिलीपराव देतात. व्हिटबीचे. मंडळातल्या चौदा घरांना पुरवतात बिचारे, दर संकष्टीला."

"दिलीपकाकांनी साताऱ्याहून मुळं आणून बॅकयार्डमध्ये लावलीयत," परीक्षित म्हणाला. "अख्ख्या टोरोंटो भागात ओरिजिनल दूर्वा फक्त त्यांच्याकडे. पण ते तर घरचं अंगण झालं, कुंपणातलं."

प्रभाताईंनी एक जुडी खिडकीशी नेली, पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ती खाली ठेवली. मग सगळा डबा पांढऱ्या ताटात रिकामा करून भिंगाखाली काडी न् काडी पाहिली. गोचीड नव्हती. फडक्याच्या घडीत नखाएवढा एक तपकिरी तुकडा होता, वाळक्या पानाचा, कडेला गोलसर खाच असलेला. तो त्यांनी कागदात बांधून पर्समध्ये टाकला.

"जुड्या कोण बांधतं?"

"अनुयाच," अरुणाताई म्हणाल्या. "जूनमध्ये अंगारकी होती, तेव्हा एकवीस जुड्या प्रत्येकी एकवीसच्या. माझ्या बोटांना संधिवात. ऑफिसातून आली, कपडे बदलले आणि इथेच जमिनीवर मांडी घालून, सगळा ढीग ओटीत घेऊन तीन तास बसली. एवढी शहाणी सून..."

मंगळवारी प्रभाताई गाडी घेऊन व्हिटबीला निघाल्या. हायवेवर दीड तास गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या, आणि त्या स्टिअरिंगवर बोटं आपटत होत्या. बुधवार संध्याकाळ हातातून चालली होती.

दिलीपरावांची वसाहत सहा-सात वर्षांपूर्वीची. सगळी घरं एका साच्यातली, दारापुढची झाडं मनगटाएवढ्या खोडाची, काठीला बांधलेली. दिलीपराव गॅरेजमध्येच भेटले. विजेच्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर, वय अडुसष्ट, हसतमुख. उजव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला होता आणि चालताना पाय ओढत होते.

"गुडघ्याला काय झालं?"

"म्हातारपण! मे महिन्यापासून सुजतो, उतरतो, पुन्हा सुजतो. स्पेशलिस्टची वेटिंग लिस्ट सात महिने. आपल्याला माहीतच आहे."

गॅरेजच्या भिंतीला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट टांगलेले होते, तळाशी ओला चिखल. दहा दिवस पाऊस नव्हता.

"दिलीपराव, मला तुमची दूर्वा बघायचीय."

हसू जरा मावळलं. "आज नको. मागच्या लाकडी डेकला स्टेनचा रंग मारलाय, तिकडे जाता येणार नाही."

"लांबूनच बघते."

"वास फार येतो हो. पुढच्या वेळी नक्की."

"अनुया मरणाच्या दारात आहे."

"म्हणूनच आज मी तिच्यासाठी आवर्तनं करतोय," ते म्हणाले. आवाजात खोटेपणा नव्हता. डोळे पाणावले होते. "पण माझ्या दूर्वांचा आणि तिच्या हार्टचा काय संबंध?"

"तुम्ही दूर्वा कुठून तोडता?"

"अंगणातून. सगळ्या मंडळाला माहीत आहे."

"दुसरीकडून कधीच नाही?"

"देवाला घालायची वस्तू आहे. इथल्या पार्कात कुत्री फिरतात. मी तिथली काडी उचलणार नाही."

प्रभाताईंनी वॉशरूमला जायचं आहे असं सांगितलं. वॉशरूमची खिडकी मागच्या बाजूला उघडत होती. डेक राखाडी, जुना, रंग उडालेला. बाकी अंगणात फरशी. एका कोपऱ्यात जाळी लावलेला चौकोनी वाफा होता आणि त्यात टोमॅटो लागले होते.

बाहेर पडल्यावर त्या गाडीत बसल्या नाहीत. वसाहतीच्या टोकाला रस्ता संपत होता, त्यापुढे उतार आणि उताराखाली ओढ्याची दरी. ओक आणि मेपलची जुनी दाट झाडी. झाडं तोडू नका, रोपं उपटू नका, अशी पाटी. प्रभाताईंनी पायमोजे सलवारीवर ओढले, डिकीतून जुनी पांढरी चादर काढली आणि एकाहत्तराव्या वर्षी तो उतार बसत-घसरत उतरल्या. दोनदा पडल्या. दोन्ही वेळा त्यांनी ज्या शिव्या दिल्या, त्या पुण्यातल्या त्यांच्या वडिलांनी ऐकल्या असत्या तर जेवण बंद केलं असतं.

खाली हरणांनी पाडलेली पायवाट होती. कुत्र्यांच्या वाटेपासून लांब, सावलीत, ओली. कडेला गुडघ्याएवढं गवत. आणि एका पट्ट्यात गवताचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे सरळ कापलेले.

त्यांनी चादर जमिनीवर पसरली, तिची एक कड वाळक्या फांदीला गुंडाळून त्या गवतावरून वीस पावलं ओढली आणि उलटी केली. मग भिंग काढलं.

बुधवारी दुपारी तीनला हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावरच्या बसायच्या खोलीत परीक्षित, अरुणाताई आणि दिलीपराव होते. दिलीपराव अंगारा आणि थर्मासमध्ये चहा घेऊन आले होते. डॉक्टर ओकॉनर दारातच उभे राहिले, घड्याळ बघत.

"दहा मिनिटं," ते म्हणाले.

प्रभाताईंनी टेबलावर एक छोटी काचेची बाटली ठेवली. आत स्पिरिटमध्ये काळपट ठिपके होते.

"ही खसखस आहे?" परीक्षितने विचारलं.

"खसखशीएवढ्या गोचिडी आहेत. पाच." आणि त्या इंग्रजीत बोलू लागल्या, मध्येच मराठीत वळत, म्हणजे कुणी सुटणार नाही. "ही गोष्ट अनुयाच्या कितीतरी आधी सुरू होते. काळ्या पायाची गोचीड दोन वर्षं जगते आणि उभ्या आयुष्यात तीनदाच जेवते. अंड्यातून निघते तेव्हा तिला सहा पाय असतात आणि ती निर्दोष असते. तिच्यात लाइमचा जंतू नसतो. पहिलं जेवण ती पाचोळ्यातल्या उंदरावर करते. जंतू असतो त्या उंदरात. तिथून तो गोचिडीत येतो आणि राहतो."

"आणि हरीण?" डॉक्टरांनी विचारलं.

"हरीण जंतू देत नाही. मोठ्या गोचिडीचं ते शेवटचं जेवण, आणि एका रानातून दुसऱ्या रानात जायची गाडी. धोका मधल्या अवस्थेचा. पुढच्या उन्हाळ्यात, मे ते जुलै, तीच गोचीड आठ पायांची आणि खसखशीएवढी होऊन गवतावर येते. दुसरं जेवण शोधत. डसते ते कळत नाही, खाज नाही, दुखत नाही. दीड-दोन दिवस चिकटून राहिली की जंतू रक्तात जातो. चार दिवसांनी पोट भरून गळून पडते. कुणी पाहिलेलीच नसते."

"ते पुस्तकात आहे," डॉक्टर म्हणाले. "एकोणिसाव्या मजल्यावर ती कशी आली?"

"फ्रिजमधून."

परीक्षितने मान वर केली.

"कोरड्या घरात ती मरते. पण ओल्या फडक्यात, बंद डब्यात, थंडीत ती आठवडेच्या आठवडे जगते. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही त्या अशाच ठेवायचो. अंगारकीच्या आदल्या संध्याकाळी अनुयाने तो डबा ओटीत रिकामा केला. न धुतलेलं गवत, उबदार अंग, तीन तास. एक गोचीड कुर्त्याखाली शिरली आणि कमरेला, नाडीच्या वर, चिकटली."

"पण दूर्वा अंगणातल्या होत्या!" अरुणाताई म्हणाल्या.

"डब्यात हे होतं." प्रभाताईंनी कागदाची पुडी उघडली. "ओकचं पान. दिलीपरावांच्या वसाहतीत ओक नाही, काठीला बांधलेली रोपं आहेत. डेकला स्टेन लावलेलं नाही. वाफ्यात टोमॅटो आहेत. दहा दिवस पाऊस नाही तरी बूट ओले आहेत. दरीत हरणांच्या वाटेवर गवत कात्रीने कापलंय आणि या पाच गोचिडी मी त्याच वाटेवरून उचलल्या. त्यांच्यात जंतू आहे की नाही हे लॅब सांगेल. दिलीपरावांचा गुडघा मे महिन्यापासून का सुजतोय, तेही त्यांनी लॅबलाच विचारावं."

सगळे दिलीपरावांकडे बघू लागले. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं, सैल केलं, पुन्हा घट्ट केलं.

"मला नावं ठेवा," डॉक्टर म्हणाले, "पण हे पान वाऱ्याने उडून आलं असेल. सर, तुम्ही ते गवत दरीतून आणलं का? हो की नाही?"

"माझ्या अंगणात..." दिलीपरावांनी सुरुवात केली.

"काका," परीक्षित म्हणाला. ओरडला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "उद्या सकाळी आठला तिची छाती उघडणार आहेत."



"पहिल्याच हिवाळ्यात मेली," दिलीपराव मराठीत म्हणाले, खाली बघत. "साताऱ्याची दूर्वा. उणे पंचवीसमध्ये कशी टिकणार? मी पोतं घातलं, पेंढा घातला. वसंतात उकरलं तर सगळं काळं. तोवर मंडळात जाहीर झालं होतं. टाळ्या झाल्या होत्या. अध्यक्षांनी शाल दिली होती. मग मला म्हणता येईना. पार्कातलं गवत कुत्र्यांचं, म्हणून मी खाली जायचो, जिथे कुणाचा पाय लागत नाही. देवाला शुद्ध हवं म्हणून हो." मग त्यांनी डॉक्टरांकडे बघून इंग्रजीत एकच शब्द उच्चारला. "हो."

"चट्टा?" डॉक्टर आता आत येऊन बसले होते. "तिच्या फाइलमध्ये चट्टा नाही."

"तोही आहे. अरुणाताई, तुळशीची कुंडी निळ्या प्लास्टिकची आहे. प्लास्टिकला कुणी गेरू लावत नाही."

अरुणाताईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं.

"तू मला शपथ घातली होतीस, घरगुती उपाय करायचे नाहीत म्हणून," त्या म्हणाल्या. "तिच्या कमरेला मागे लाल गोल उठला होता. वाढत चालला होता, मध्ये फिकट, कडेला लाल. मला वाटलं नागीण. वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतं म्हणतात. मी रोज गेरू थापत होते. तिला सांगितलं उष्णतेचं आहे. क्लिनिकमध्ये गेली त्या दिवशीही थापलेला होता."

"केवढा होता?"

अरुणाताईंनी दोन्ही हातांच्या बोटांनी बशीएवढं वर्तुळ करून दाखवलं.

डॉक्टर ओकॉनर उठले. आता त्यांनी घड्याळ पाहिलं नाही. दारातून बाहेर जाता जाता ते फोनवर दोन वाक्यं बोलले. पहिलं, शिरेतून अँटिबायोटिक आत्ताच सुरू करा. दुसरं, उद्या आठचं टेबल दुसऱ्या कुणाला द्या.

परीक्षित आईजवळ गेला नाही. दिलीपरावांजवळही गेला नाही. भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. तेवढं करायचा त्याला पूर्ण हक्क होता.

"दिलीपराव," प्रभाताई म्हणाल्या, "अजून तेरा घरं आहेत."

दिलीपरावांनी तिथेच बसून फोन केले. पहिला फोन लावायला त्यांना वीस मिनिटं लागली. "मी दिलीप बोलतोय. तुमच्याकडची दूर्वा फेकून द्या. नाही, खराब नाही झाली. ती दूर्वा नव्हतीच." प्रत्येक घरी तेच पहिल्यापासून सांगायचं. कुणी हसलं, कुणाला थट्टा वाटली, एका घरी फोन आपटला. नवव्या घरी चित्रा म्हणाली की नातीच्या, ईशिताच्या, मांडीवर गेल्या रविवारपासून लाल कडं आहे, डास असेल. प्रभाताईंनी फोन हिसकावून घेतला. ईशिताचं गोळ्यांवर भागलं.

अनुयाचं तसं सोपं नव्हतं. पहिले तीन दिवस काहीच फरक पडला नाही आणि प्रभाताईंनी स्वतःचाच जीव खाल्ला. आपण चुकलो असू तर? चौथ्या दिवशी चुकणारे ठोके कमी झाले. सातव्या दिवशी वरच्या कप्प्याचा निरोप उशिरा का होईना, दर वेळी खाली पोचू लागला. दहाव्या दिवशी तार काढली. त्याच सुमारास रक्ताचे रिपोर्ट आले. तिचा पॉझिटिव्ह, दिलीपरावांचाही.

तार काढली त्या दुपारी दिलीपराव कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते. दहाही दिवस ते आले होते, आत मात्र एकदाही गेले नव्हते. परीक्षितने बोलावलं नव्हतं. प्रभाताई त्यांच्या शेजारी टेकल्या.

"एक विचारू?" दिलीपराव म्हणाले. "पान, बूट, टोमॅटो, सगळं समजलं. पण ती दूर्वा नाही हे तुम्हाला कधी कळलं? फ्रिजमधला डबा उघडलात तेव्हा?"

हो म्हणणं सोपं होतं. प्रभाताईंनी हात मांडीवर ठेवले. गेले दहा दिवस त्या सगळ्यांवर चिडल्या होत्या. क्लिनिकवर, फोनवरच्या संगीतावर, गेरूवर, या माणसाच्या शालीवर. चिडायला माणसं मिळत होती तोवर बरं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांपूर्वी. तुम्ही मंडळात पहिल्यांदा ताट फिरवलंत तेव्हा. पान रुंद होतं आणि कडेला लव होती. दूर्वेला अशी नसते. हातात घेताक्षणी कळलं मला."

दिलीपराव बाकावरच त्यांच्याकडे वळले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही फार खूश दिसत होतात. म्हटलं, कुठून तरी उपटून आणत असतील. एवढ्याशा गवताने कुणाचं काय बिघडणार? दरवर्षी बघत होते, दरवर्षी गप्प बसत होते. कुठून आणता हे मी एकदा विचारलं असतं तर... माझंच तर काम होतं ते, दिलीपराव. चौतीस वर्षं केलेलं."

आतून दार उघडलं. नर्सच्या आधाराने अनुया पहिल्यांदाच चालत बाहेर येत होती, एका हाताने भिंत धरून. दोघंही उठले आणि तिला वाट करून देण्यासाठी भिंतीला चिकटून उभे राहिले. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस दोघांपैकी एकालाही झालं नाही.